साचलेले आभार

टिंबताईंचं खरं नाव छापखान्यात फक्त हजेरीपटावर होतं. बाकी मालकांपासून कागद वाहणाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना टिंबताईच म्हणायचे. औषधांच्या खोक्यात घडी करून ठेवतात ना, ती माहितीपत्रकं आमच्याकडे छापली जायची. पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं, आणि हे कुणी वाचत नाही अशी सगळ्यांची पक्की समजूत. टिंबताई वाचायच्या. तेच त्यांचं काम होतं. मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि त्या छापील कागदावर पेन्सिलचं टोक सरकवत ऐकायच्या. चौदा वर्षं आम्ही अशा एका टेबलाशी समोरासमोर बसलो.

एकदा लहान मुलांच्या तापाच्या औषधात ‘शून्य टिंब पाच’मधलं टिंब उडालं. पत्रक तीन जणांच्या नजरेखालून जाऊन यंत्रावर चढलंसुद्धा होतं. टिंबताई खाली धावत गेल्या आणि चालतं यंत्र थांबवायला लावलं.

“एका टिंबासाठी?” यंत्रावरचा माणूस वैतागला.

“पोराला दहापट औषध पाजतील, मग मोज टिंबं,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या टिंबताई.

त्यांचे यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होते, म्हणून ते पंपकाका. स्वभावाने बायकोच्या अगदी उलट. ह्या तोलूनमापून बोलणार, ते बोलायला लागले की झाकण उडालंच म्हणायचं. मूलबाळ नव्हतं. दोघांचं दोघांत छान चाललेलं असायचं.

पन्नाशी उलटली आणि काकांना जिना चढताना धाप लागायला लागली. चेहरा पांढरा पडला. तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी सांगितलं, हाडांच्या आतला मगज रक्त तयार करायचं काम हळूहळू सोडून देतोय.

“म्हणजे पंप धडधाकट आहे, पण विहीर आटली,” काका म्हणाले.

डॉक्टरबाईंना हसू आलं. मग त्या म्हणाल्या, “अगदी तसंच. आणि विहीर परत भरेल असं औषध तुमच्यासाठी आज माझ्याकडे नाही. खोटी आशा दाखवत नाही. पण बाहेरून पाणी आणून घालता येईल.”

दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या रक्त. हे नऊ वर्षं चाललं.

मी कधीकधी सोबतीला जायची. खिडकीजवळची एक खाट काकांनी आपली मानली होती. पिशवी आली की एक परिचारिका तिच्यावरचा नंबर वाचायची, दुसरी कागदावर जुळवायची, आणि टिंबताई त्या दोघींच्या खांद्यावरून तिसऱ्यांदा बघायच्या. सुरुवातीला परिचारिका रागावल्या. पुढे पुढे त्याच थांबायच्या आणि म्हणायच्या, “बघा हो ताई, म्हणजे आम्ही सुटलो.”

काकांची थट्टा मात्र अखंड चालू. “आज कुणाचं चढवलंय देव जाणे, सकाळपासून भांडावंसं वाटतंय.” किंवा, “हा दाता गाणारा असणार. गळा साफ झालाय बघ.” आणि खरंच दुसऱ्या दिवशी गालांवर रंग यायचा, तिसऱ्या दिवशी स्वारी पंपघरात हजर.

एकदा पिशवीकडे बघत ते गंभीरपणे म्हणाले, “अगं, या माणसाला कळायला हवं ना की त्याचं आम्हाला मिळालं. रजिस्टर पत्राचीसुद्धा पोच येते. याला काहीच नाही?”

टिंबताईंनी परिचारिकेला विचारलं. दात्याचं नाव सांगायची पद्धत नाही, असं उत्तर आलं. बरोबरच होतं ते. पण ती गोष्ट टिंबताईंच्या मनात सलत राहिली. आयुष्यात कुणाचं पेनसुद्धा आभार न मानता वापरलं नव्हतं त्यांनी.

नवव्या वर्षी पंपकाका साध्या न्यूमोनियाने गेले. आजारपण चार दिवसांचं. त्याच सुमारास छापखान्यातलं तपासणीचं काम बंद झालं आणि आमचं टेबलही उठलं. टिंबताई घरी बसून जुन्या कॉम्प्युटरवर किरकोळ प्रुफं तपासू लागल्या. आणि त्यांच्या सोबतीला म्हणून काकांची थोरली बहीण राहायला आली. टिंबताई त्यांना ‘वन्सं’ म्हणतात, म्हणून मीही म्हणते. वन्सं उशा आणि गाद्या शिवतात. जीभ तिखट, हात मऊ.

सहा महिन्यांनी टिंबताई एकट्याच रक्तपेढीत गेल्या. “मला रक्त द्यायचंय,” त्यांनी सांगितलं. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी वय विचारलं, बोटाला टोचून थेंब घेतला आणि मान हलवली.

“काकू, तुमचं वयही बसत नाही आणि तुमच्या अंगात तुम्हालाच पुरेल एवढं रक्त नाही. देणार कुठून?”

टिंबताई उठल्या नाहीत. खुर्चीतच बसून राहिल्या. बाईंनी पाणी आणून दिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “नऊ वर्षं घेतलं हो आम्ही. तीनशेच्या वर पिशव्या. आभार मानायचे तर कुणाचे मानू? आणि परत करायचं तर तुम्ही घेत नाही.”

तंत्रज्ञ बाईंनी बाहेरची रांग बघितली, घड्याळ बघितलं, आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. “घरी कॉम्प्युटर आहे का तुमच्याकडे?”

“आहे. म्हातारा आहे, माझ्यासारखा.”

“चालतो का?”

“माझ्याहून बरा चालतो.”

मग बाईंनी समजावून सांगितलं. नवं औषध शोधायचं तर लाखो रेणू एकेक करून रोगाशी जुळवून बघावे लागतात. कुठला नेमका जाऊन चिकटतो, कुठला नाही. ते आधी गणितात करून बघतात. ते गणित इतकं अफाट असतं की संशोधकांचे स्वतःचे कॉम्प्युटर पुरत नाहीत. म्हणून त्याचे तुकडे करून लोकांच्या घरी पाठवतात. तुमचा कॉम्प्युटर रिकामा असला की तो एक तुकडा सोडवतो, उत्तर परत पाठवतो, नवा मागून घेतो. तुम्ही काही करायचं नाही. नुसता चालू ठेवायचा. त्या स्वतःही घरी हेच करत होत्या.

“म्हणजे बाहेरच्या लोकांना प्रुफं तपासायला द्यावीत तसं,” टिंबताई म्हणाल्या. ही गोष्ट त्यांना लगेच पटली. बाईंनी एका कागदावर सगळं लिहून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी चष्मे चढवून त्यासाठीचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर बसवला. लहान मुलांच्या एका कर्करोगावरचं काम होतं ते. पडद्यावर रंगीत मण्यांचा एक गुंता सावकाश फिरू लागला आणि खाली आकडा दिसू लागला: शून्य टक्के, मग एक टक्का.

वन्सं शिलाई मशीन सोडून बघायला आल्या. “हे माझ्या भावाच्या दुखण्यावरचं आहे का?”

“नाही. मुलांच्या कर्करोगावरचं आहे.”

“मग आपल्याला काय त्याचं? आपली वीज, आपली खोली तापणार, आणि दिवसभर हे घूं घूं. भावाच्या दुखण्यावरचं मिळेपर्यंत थांब की.”

टिंबताई पडद्याकडेच बघत होत्या. “वन्सं, ज्यांनी यांना रक्त दिलं, त्यांनी विचारलं होतं का, कुणाला जाणार म्हणून?”

वन्सं तोंड वाकडं करून मशीनवर जाऊन बसल्या, पण त्या दिवसापासून घूं घूं हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

वर्ष सुरळीत गेलं. सकाळी उठल्यावर रात्रीत किती तुकडे झाले ते टिंबताई बघायच्या आणि मला फोनवर सांगायच्या. आवाजात इतकं समाधान असायचं, जणू नातवाने पहिलं पाऊल टाकलंय. मग एका दुपारी त्यांचा फोन आला तो रडवेल्या आवाजात.

“अगं, माझ्या हातून चुका होताहेत.”

“कसल्या चुका?”

“लाल अक्षरांत लिहून आलंय. उत्तरं अमान्य. एक नाही, त्रेचाळीस. अकरा दिवस मी चुकीची उत्तरं पाठवतेय आणि मला पत्ता नाही. ती औषधात गेली तर?”

मी पोहोचले तेव्हा कॉम्प्युटर बंद होता आणि टिंबताई पोलिसांनी बसवून ठेवावं तशा त्याच्यासमोर बसल्या होत्या. चौदा वर्षांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. मी रक्तपेढीतल्या बाईंना फोन लावला आणि फोन त्यांच्या कानाला दिला.

बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. “काकू, आधी श्वास घ्या. कुठल्याही तुकड्याचं एकच उत्तर घेत नाहीत. तोच तुकडा दोन वेगवेगळ्या घरांत पाठवतात. दोन्ही उत्तरं जुळली तरच खरं मानतात. नाही जुळली तर तिसऱ्या घरी पाठवतात, आणि ज्याचं चुकलं त्याचं टाकून देतात. तुमची चूक कुठेही पोहोचलेली नाही.”

“म्हणजे माझ्यासोबत कुणीतरी वाचणारं होतं?”

“नेहमीच असतं. आता कॉम्प्युटर उघडून बघा. बहुतेक गरम होत असेल.”

आम्ही त्याची बाजूची पत्र्याची झडप उघडली. आतला पंखा दिसतच नव्हता. त्याच्या जागी करड्या कापसाचा एक गोळा होता, छोट्या उशीएवढा. आम्ही दोघींनी एकदम मागे वळून बघितलं. वन्सं गादीत कापूस भरत होत्या.

“माझ्याकडे काय बघताय?” त्या म्हणाल्या. मग त्यांनी गोळा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. कुणी काही म्हणायच्या आत त्या रंगाचा जुना ब्रश घेऊन आल्या, जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि पंख्याचं एकेक पातं पुसून काढलं. संध्याकाळपर्यंत शिलाई मशीन, कापसाची पोती, कात्र्या, सगळं मागच्या गॅलरीत गेलं. गुडघे दुखत असताना त्यांनी ते ओढत नेलं. “माझ्या कापसाने कुठल्या लेकराचं अडायला नको,” एवढंच म्हणाल्या.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि उत्तरं जुळू लागली. पण टिंबताईंना चैन पडेना. त्रेचाळीस तुकड्यांमध्ये ज्यांच्यासोबत त्यांची जोडी लागली होती, त्यांना विनाकारण ताटकळावं लागलं होतं. पडद्यावरच्या यादीत प्रत्येक तुकड्यासमोर सोबत्याचं टोपणनाव दिसायचं. त्यात परक्या भाषेतलं एक नाव नऊ वेळा आलं होतं, त्याचा अर्थ ‘तिसरा मजला’. टिंबताईंनी त्या नावावर निरोप पाठवला. कॉम्प्युटरकडूनच भाषांतर करून घेतलं, आणि ते बरोबर आहे का हे बघायला परत उलटं करून वाचलं. निरोप असा होता: माझ्या पंख्यात कापूस अडकल्यामुळे तुमची नऊ कामं खोळंबली. मनापासून माफी मागते.

चार दिवसांनी उत्तर आलं. ‘तिसरा मजला’ म्हणजे कुठल्याशा दूरच्या देशातली निवृत्त सुईण निघाली. तिने लिहिलं होतं: “सहा वर्षं मी हे करते आहे. आजवर मला कुणी माफी सोडाच, नमस्कारसुद्धा केला नव्हता. माझ्या खोलीत कुणीतरी आल्यासारखं वाटलं. कापूस कशाचा होता?”

मग काय, गाडी रुळावर आली. कापूस, वन्सं, गाद्या, सुईणीचे गुडघे, तिच्या हातून जन्मलेली दोन हजार मुलं. एका निरोपात तिने सहज लिहिलं: “पूर्वी मी रक्तही देत असे. बावन्न वेळा दिलं. मग वय झालं आणि थांबवावं लागलं. ते कुणाला मिळालं, त्याचं पुढे काय झालं, काही कळलं नाही. कधीकधी वाटतं, सांडूनही गेलं असेल.”

हे वाचून टिंबताई उठल्या. त्यांनी तोंड धुतलं, केस नीट केले आणि परत येऊन बसल्या. पुढचे तीन दिवस त्या एकच पत्र लिहीत होत्या. पाठवण्याआधी त्यांनी मला बोलावलं आणि पूर्वीसारखं समोर बसवून मोठ्याने वाचायला लावलं. त्यातला काही भाग मला अजून तोंडपाठ आहे.

“तुमचं रक्त आमच्या घरी आलं नाही, हे मला कळतं. पण तुमच्यासारख्यांचं आलं, आणि त्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे. म्हणून सांगते. पहिल्या दोन पिशव्यांवर माझे यजमान चार महिन्यांनी प्रथमच जिना न थांबता चढले आणि वर येऊन उगाचच परत खाली गेले. एका उन्हाळ्यात शहराचा मोठा पंप फुटला, तेव्हा ते गुडघाभर पाण्यात दोन दिवस उभे होते. त्या आठवड्यात हजारो घरांत जे पाणी आलं, ते कुणा अनोळखी माणसाच्या रक्तावर आलं. चौथ्या वर्षी, पिशवी संपत आली असताना, त्यांनी माझ्याकडून फोन मागून घेतला आणि आपल्या बहिणीला लावला. वडिलांच्या घरावरून दोघं अकरा वर्षं बोलत नव्हती. त्या पिशवीचा दाता कोण होता मला माहीत नाही, पण आज त्या बहिणीने माझ्यासाठी जेवण केलंय. साठाव्या वर्षी ते पोहायला शिकले, वाईट शिकले. रोज सकाळचा चहा तेच करायचे, आणि मला उठवायला कप बशीवर वाजवायचे. नऊ वर्षं मी तो आवाज ऐकला. तुम्हाला आणि तुमच्यासारख्या सगळ्यांना सांगते, काही सांडलं नाही. थेंबही सांडला नाही.”

मी वाचायची थांबले. वन्सं दारात उभ्या होत्या.

“घराच्या भांडणाचं लिहायलाच हवं होतं का?” त्यांनी विचारलं.

“काढू का?” टिंबताई म्हणाल्या.

वन्संनी पदराने डोळे टिपले. “राहू दे. खरंच आहे. त्याने फोन केला नसता तर मी काही केला नसता.”

सुईणीचं उत्तर आलं ते दोनच ओळींचं. “पत्र मी तीनदा वाचलं आणि मग मोठ्याने भिंतीला वाचून दाखवलं. बावन्न वेळांचं आज एकदम मिळालं.”

टिंबताईंनी त्या पत्राची एक प्रत रक्तपेढीतल्या बाईंना नेऊन दिली, वाटेवर दिवा दाखवल्याबद्दल म्हणून. बाईंनी परवानगी मागितली आणि ते मोठ्या अक्षरांत छापून, रक्त दिल्यावर दहा मिनिटं बसायची जी खोली असते, तिच्या भिंतीवर लावलं. लिहिणारीचं नाव नाही, गावाचं नाही.

काही महिन्यांनी आम्ही दोघी तिथे गेलो होतो. एक माणूस दंडावर पट्टी लावून भिंतीपाशी उभा होता. अंगावर घरपोच सामान पोहोचवणाऱ्यांचा गणवेश, हातात बिस्किट, पण खायचं विसरला होता. वाचून झाल्यावर त्याने बाईंना विचारलं, “हे लिहिणारी बाई खरी आहे का हो?”

बाईंनी टिंबताईंकडे बघितलं. मला वाटलं, त्या लाजून बाहेर निघून जातील. पण त्या सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “मीच ती.”

तो गडबडला. “मी आपला... इथे जवळच सामान द्यायला आलो होतो, म्हणून आत शिरलो. तसं काही विशेष नाही.”

“असू दे. मला तुमचे आभार मानायचेत. नऊ वर्षांचे साचलेत.”

तो हसला. “मग वेळ लागेल. बसूनच घेऊ या.” आणि खरंच दोघं बसले. पंधरावीस मिनिटं तो पंपकाकांचे किस्से ऐकत होता, आणि टिंबताई त्याचा मोकळा हात दोन्ही हातांत धरून बोलत होत्या. इतकं बोलताना मी त्यांना चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं.

मुलांच्या कर्करोगाचं ते काम गेल्या वर्षी संपलं. संशोधकांनी सगळ्यांना कळवलं: कोट्यवधी रेणूंमधून सत्तावीस निवडले गेले, त्यांतले तीन प्रयोगशाळेत आशा ठेवण्याजोगे निघाले. औषध अजून झालेलं नाही. व्हायला वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. शेवटी लिहिलं होतं की ज्यांनी आपले कॉम्प्युटर दिले त्या सर्वांचे आभार.

वन्संनी हे दोनदा वाचायला लावलं. “तीनच?” त्या म्हणाल्या.

“तीन पुष्कळ झाले, वन्सं,” टिंबताई म्हणाल्या. “आणि उरलेल्यांत काही नाही, हेही कुणीतरी बघायला हवंच होतं.”

आता त्यांच्याकडे क्षयरोगाचं काम चालू आहे. सुईणीनेही तेच घेतलंय, म्हणजे जोडी लागली तर लागली. वन्संनी हट्ट करून आपल्या भाचीचा जुना लॅपटॉप मागून आणला आणि तोही कामाला लावला. त्याला टोपणनाव काय द्यायचं, यावर सध्या त्या घरात दोन मतं आहेत.